वाळीत टाकलेल्या जज्जाची पेटी

१

कागदाची पट्टी जागेवर होती आणि तिच्यावरच्या तिन्ही सह्याही जागेवर होत्या, पण पेटीतलं मृत्युपत्र गेलं होतं.

गिडियन प्रॅटनं पेटी पुन्हा एकदा तळापर्यंत उपसली. कॅप्टन एसा लूमिस वारल्यावर पेटीतले कागद सोमवारी गावच्या कमिटीकडं न्यायचं ठरलं, आणि त्याआधी शुक्रवारी त्यानंच ते एकेक करून मोठ्यानं वाचले होते. प्रार्थनाघराचा कारभारी डीकन लूमिस ह्यानं यादी केली होती आणि चक्कीवाल्या बर्टनं मान डोलावली होती. पेटीची किल्ली कधीच हरवलेली, म्हणून झाकणावरून खाली कागदाची पट्टी चिकटवून तिघांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. आज सोमवारी ती पट्टी सुरीनं मधोमध कापून पेटी उघडली, तर कॅप्टन एसा लूमिसचं मृत्युपत्र तेवढं नाहीसं झालेलं.

"झालं," डीकन म्हणाला. "पेटी कुणाच्या घरात? ह्याच्या. घरात राहतं कोण? हा. आता आणखी काय चौकशी करायची?"

हा म्हणजे एलिहू टॉलमन, हॅथरब्रुकचा एके काळचा जज्ज. तो चुलीपाशी उखळात मका कांडत उभा होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ.

तीन वर्षांपूर्वी गावानं इंग्लंडच्या राजाचं कोर्ट बंद पाडलं तेव्हा जज्ज कोर्टाच्या कागदांची ही पेटी उचलून घरी घेऊन आला. पुढं राजाविरुद्ध अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई पेटली. गावानं नव्या सरकारची शपथ घेतली आणि जज्जानं घेतली नाही. मग कमिटीनं ठराव केला, की जज्जाशी कुणी बोलायचं नाही, त्याचं दळण दळायचं नाही, त्याच्या घोड्याला नाल ठोकायची नाही. जो हे मोडेल तोही वाळीत. ठरावावर पहिली सही डीकनची होती आणि सातवी गिडियनची. स्वतःच्या शेताची हद्द आणि रविवारी प्रार्थनाघर, ह्यापलीकडे पाऊल टाकायची जज्जाला मुभा नव्हती. ह्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली होती.

"गुरुवारी बोस्टनला गाडी जाणार आहे," डीकन म्हणाला. "बंदरात कैद्यांचं जहाज उभं आहे. ह्याला तिथं पोचवा. घर-शेत सरकारजमा."

जज्जानं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. "मागच्या बागेत प्रूडन्सला पुरलंय," तो म्हणाला. "तिच्याशेजारी माझी जागा आहे. माझं एवढंच मागणं आहे, की मरेपर्यंत मला इथं राहू द्या. चोर सापडला तर राहू द्याल?"

"चोर सापडलाय," डीकन म्हणाला.

"कायदा राजाचा असो की तुमचा, आरोपीला बोलू द्यावं लागतं. बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या. माणसं बोलवू द्या, प्रश्न विचारू द्या."

"आरोपीच चौकशी करणार? चोराच्या उलट्या बोंबा."

"चौकशी मी करीन," गिडियन म्हणाला. आपण हे का बोललो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "गावचा शिपाई मी आहे. प्रश्न साहेबांनी सुचवावेत."

साहेब हा शब्द जुन्या सवयीनं निसटला. वीस वर्षं गिडियन ह्याच माणसाच्या कोर्टात पुकारा करत होता. डीकननं डोळे वटारले, पण चक्कीवाला बर्ट कंटाळून म्हणाला, "द्या हो वेळ. तोवर ठराव बाजूला ठेवू. बुधवारनं काय बिघडतंय?"

जज्ज पेटीपुढं गुडघ्यावर बसला. कापलेल्या पट्टीचं खालचं टोक त्यानं नखानं हळूच सोडवून उजेडात धरलं. वरच्या टोकाखालची खळ काळपट आणि कोंड्याच्या ठिपक्यांची होती. गिडियननं ती शुक्रवारी घरून वाटीत आणली होती, राय नावाच्या काळपट धान्याच्या पिठाची. खालच्या टोकाखाली मात्र पांढरं काहीतरी वाळलं होतं आणि त्या कोपऱ्याला उंदरानं दात लावले होते. जज्ज बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं दोन्ही टोकं गिडियनच्या हातात दिली.

"हे तुझ्या टोपीच्या अस्तरात ठेव," तो म्हणाला. "कुणाच्याही हाती देऊ नकोस. अगदी कमिटीच्यासुद्धा."

२

मेहितेबल रूट दुपारी आली ती तणतणत. मेलेल्या कॅप्टनचं घर ती सांभाळायची. त्या मृत्युपत्रात कॅप्टननं घर आणि पाणचक्कीजवळचं कुरण तिच्या नावे केलं होतं. मृत्युपत्र नसलं तर सगळं पुतण्याकडं जाणार, आणि पुतण्या म्हणजे डीकन लूमिस.

जज्जानं खुर्ची पुढं ओढली. बाहीनं पुसली, मग पुन्हा एकदा पुसली. ह्या खुर्चीवर दोन वर्षांत कुणी बसलेलं नाही, हे गिडियनला एकदम जाणवलं.

"माझा कागद कुठंय, जज्जसाहेब?" ती न बसता म्हणाली. "चौदा वर्षं त्या म्हाताऱ्याचं मी केलं. शेवटी घास भरवावा लागायचा. आता गाव म्हणेल, ही बाई परगावची, हिला हद्दीबाहेर काढा."

"बसा बाई. कागद मी घेतलेला नाही. माझं घर रिकामं असतं ते फक्त रविवारी. त्या दिवशी कोण कुठं होतं, तेवढं मला सांगा."

"रविवारी कोण कुठं असणार? प्रार्थनाघरात. सकाळचं प्रवचन झालं, मग प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटला. दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या पडवीत शिदोऱ्या सोडल्या. नंतर दुसरं प्रवचन."

"पडवीत सगळे होते?"

"तुम्ही नव्हतात." ती जरा अडखळली. "तुम्ही आत बाकावर बसला होता. एकटेच. पाळकबुवा तुमच्यावर लक्ष ठेवून होते."

"मला पडवीत जागा नाही. आणखी कोण नव्हतं?"

"बर्ट नव्हता. जेवण सोडून तो माणूस कुठं जाईल असं मला वाटलं नव्हतं. आणि डीकन प्रभुभोजनाची भांडी घरी ठेवायला गेला, तो नेहमीच जातो."

गिडियनच्या डोक्यात बर्टचं नाव पक्कं बसलं. चक्की बर्ट चालवायचा, पण पाण्याचा पाट कुरणातून यायचा. कुरण मेहितेबलकडं गेलं, तर ती बर्टचं पाणी तोडल्याशिवाय राहिली नसती.

आता जज्ज बर्टबद्दल विचारील, असं त्याला वाटलं. जज्जानं विचारलं, "शिदोरीत काय होतं, बाई?"

"काय?"

"तुमच्या शिदोरीत."

"भोपळा भरलेली भाकर," मेहितेबल म्हणाली. "ह्याचा चोरीशी काय संबंध?"

"सगळं लिहून घ्यावं लागतं. भोपळा घरचा का? आणि शाळेचं छप्पर गळत होतं, ते दुरुस्त झालं का?"

ती आधी तुटक बोलली. मग शाळेचा नवा मास्तर कसा निर्बुद्ध आहे ते सांगू लागली. मग कॅप्टनचे शेवटचे दिवस निघाले. जज्जानं तिला मक्याच्या कण्या वाढल्या. "भाकर नाही घरात," तो म्हणाला, "दळणच होत नाही ना." तिनं कण्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे असं तोंडावर सांगितलं. जायला उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. कागदाचा पत्ता लागला नव्हता आणि तीन दिवसांतला एक दिवस संपला होता.

३

मंगळवारी नेथन बर्ट आला. दारातच म्हणाला, "काय जज्ज, कण्या खाऊन दात शाबूत आहेत का?"

"तुमच्याच कृपेनं कवळी लागली नाही. बसा. रविवारी दुपारी कुठं होता?"

"घरी. दाढ दुखत होती."

"कुठली?"

बर्टनं उजव्या गालाला हात लावला. थोड्या वेळानं त्याच गालानं तो जज्जाकडचं कडक सफरचंद कराकरा चावू लागला. गिडियननं ते पाहिलं आणि त्याचं रक्त तापलं.

"बर्ट, खोटं बोलू नकोस. तू ह्या घरात आला होतास."

"ह्या घरात? शपथेवर सांगतो, नाही." बर्टचा चेहरा पडला. "पाटाच्या तोंडाशी पानं तुंबली होती. बांध फुटायला आला होता. ती काढायला गेलो. रविवारी काम करून शब्बाथ मोडला म्हणून दंड होईल, म्हणून गप्प राहिलो. बॅरेटचा मुलगा साक्षीला आहे. तो पलीकडून दगड मारत होता."

"बॅरेटच्या पोरानं शब्बाथ मोडला तेही तुम्ही सांगितलं नाही," जज्ज म्हणाला. "म्हणजे दोघं एकमेकांना धरून आहात. असो. पानं काढल्याचा दंड मी करणार नाही, आता मला तो अधिकारही नाही."

बर्ट मोकळा हसला. हसण्याच्या भरात तो म्हणाला, "तुमचा राजा तर आता संपल्यातच जमा आहे. साराटोगाला अख्खी फौज शरण आली. बंदुका रचून ठेवल्या म्हणे शेतात. कळलं नाही तुम्हाला?"

जज्जाला हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. गावात दहा दिवसांपूर्वी घंटा वाजल्या, तेव्हा त्या कशासाठी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. "घंटा ऐकल्या होत्या मी," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणाचं लग्न आहे."

बर्टनं हातातलं सफरचंद खाली ठेवलं.

"आता तरी शपथ घ्या की," शेवटी तो पुटपुटला. "कुणासाठी थांबलाय?"

"सत्तावीस वर्षांपूर्वी पुस्तकावर हात ठेवून एक शपथ घेतली. कोर्टात बसून शपथ मोडणाऱ्या किती जणांना मी शिक्षा केली, ते गिडियनला विचारा. राजा जिंकतो की हरतो, ह्यावर ती शपथ अवलंबून असती, तर तिला पैज म्हणाले असते." मग तो वळला. "लग्नावरून आठवलं. तुमच्या धाकटीचं लग्न झालं ना? मुलगा कोण?"

आणि पुढचा तासभर गावच्या शिपायानं बर्टच्या धाकटीच्या लग्नात कोण किती प्याला, हे ऐकत बसायचं होतं. गिडियन आतून चडफडत होता. माणसाच्या मानेवर सुरी आहे आणि हा वऱ्हाड मोजतोय. म्हातारपणानं डोकं फिरलं की काय, अशी त्याला खरोखरच भीती वाटली.

४

बुधवारी सकाळी जज्ज म्हणाला, "आता तुझी साक्ष."

"माझी? तुम्हाला माझा संशय येतो?"

"खळ तू आणलीस, सही तुझी आहे. बस."

गिडियन बसला. चोरी त्यानं केली नव्हती, पण ह्या माणसासमोर साक्षीला बसायची त्याला भीती होतीच, आणि ती भीती दुसऱ्याच गोष्टीची होती.

"कोर्ट बंद पाडलं त्या दिवशी," जज्ज म्हणाला, "लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा केल्या. मला मधून बोडक्यानं चालवत नेलं. मागून कुणीतरी माझी टोपी काढली. कुणी?"

"ह्याचा मृत्युपत्राशी..."

"विचारलंय त्याचं उत्तर दे."

"मी," गिडियन म्हणाला. तीन वर्षं त्यानं हे कुणापाशी काढलं नव्हतं. "कुणीतरी काढणारच होतं, साहेब. मला वाटलं, मी काढली तर निदान ती चिखलात पडणार नाही. नंतर तुमच्या फाटकाच्या खांबावर ठेवली."

जज्जानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बागेत सफरचंदं गळून पडली होती आणि ती वेचायला कुणी नव्हतं.

"मला वाटायचं, ती वाऱ्यानं आणली," तो अखेर म्हणाला. "जा. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळ्यांना घेऊन ये. पाळकबुवांनाही बोलाव."

"चोर कळला?"

"पट्टी सांभाळून आण," जज्ज म्हणाला.

५

संध्याकाळी त्या खोलीत दोन वर्षांत नव्हती एवढी माणसं जमली. डीकन टोपी न काढता दाराशी उभा राहिला. पाळकबुवा, बर्ट आणि मेहितेबल बाकावर बसले. गिडियननं पट्टीचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"पट्टी वाफेनं सोडवून पुन्हा चिकटवली आहे," जज्ज म्हणाला. "वरचं टोक शुक्रवारचं आहे, रायच्या काळ्या खळीचं. खालचं पांढरं आहे. कमिटीचं म्हणणं असं, की हे मी केलं. आता मला सांगा, कशानं केलं?"

"खळीनं," डीकन म्हणाला.

"खळ पिठाची होते. बर्ट, माझं दळण शेवटचं कधी दळलंस?"

"दोन वर्षं झाली की," बर्ट म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे, खरंच."

"माझ्या घरात चिमूटभर पीठ नाही. शोधा हवं तर. कण्यांची खळ होत नाही, मी करून पाहिली आहे, खिडकीची फट बुजवायला." जज्ज शांतपणे बोलत होता. गिडियनला वाटलं, आपण पुन्हा कोर्टात उभे आहोत. "चोराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्या चुलीवरच्या किटलीच्या वाफेवर पट्टी सोडवली. मृत्युपत्र काढलं. मग पीठ शोधायला तो स्वयंपाकघरात गेला. पीठ कुठल्याही घरात असतंच. ते नसलेलं हे गावातलं एकच घर. ह्या घरात पीठ येऊ नये असा ठराव ज्यांनी केला, त्यांनाच त्या ठरावाचा अर्थ कळला नव्हता. पट्टी उघडी पडलेली, वेळ थोडा. त्याच्याजवळ होतं तेच त्यानं ओलं करून चोळलं. पाळकबुवा, ते पांढरं जरा बोटानं चुरडून बघा."

पाळकबुवांनी चुरडलं. "हे पीठ नाही," ते म्हणाले. "भाकर आहे. गव्हाची."

"गव्हाला तांबेरा पडून बारा वर्षं झाली. ह्या खोऱ्यात गहू पिकत नाही. बर्टच्या चक्कीत राय आणि मका, मेहितेबलबाईंच्या घरी तेच, गिडियनकडं तेच. पांढऱ्या पिठाचं एकच पिंप गावात येतं, नदीच्या खालच्या गावाहून. ते कशासाठी?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"प्रभुभोजनासाठी," पाळकबुवा अगदी हळू म्हणाले.

"दोन महिन्यांतून एकदा ती भाकर होते. ह्या रविवारी झाली. ज्यांना मिळाली त्यांनी तिथंच खाल्ली. ताट माझ्या बाकापर्यंत येत नाही, त्यामुळं माझ्या हाती तुकडाही लागलेला नाही. उरलेली भाकर फडक्यात बांधून, भांड्यांबरोबर घरी नेतो एकच माणूस. त्याची वाट माझ्या फाटकावरून जाते. आणि तो दर वेळी जातो, म्हणून तो पडवीत नव्हता हे कुणाच्या ध्यानातही येत नाही."

डीकन लूमिसनं टोपी काढली. ती त्याच्या हातात गोल गोल फिरत राहिली.

"कुरण आमच्या आज्याचं होतं," तो म्हणाला. "परक्या बाईला कसं द्यायचं? मृत्युपत्र जाळायला घेतलं होतं मी. मेलेल्याची सही आहे त्यावर, हात धजला नाही. भांड्यांच्या पेटीत आहे." मग तो पाळकबुवांकडं वळला. "ती भाकर... दुसरं काहीच नव्हतं हो जवळ."

मेहितेबल उठली. तो कुरणावरून भांडत राहिला असता, तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी पाहून ती नुसतीच म्हणाली, "चला. कागद आत्ता काढून द्या."

६

डीकनला पुढं घालून सगळे निघाले. दारात पाळकबुवा थांबले.

"गुरुवारची गाडी रद्द," ते म्हणाले. "तुम्ही इथंच राहाल, मी शब्द देतो. पण वाळीतून काढणं माझ्या हातात नाही. त्यासाठी शपथ लागेल. नुसती एक सही, जज्जसाहेब."

"मला राहायला मिळालं, तेवढंच मागितलं होतं," जज्ज म्हणाला.

पाळकबुवा गेले. बर्टनं जाताना हात वर केला, मग आठवण होऊन खाली घेतला. चौकशी संपली होती आणि ठराव पुन्हा लागू झाला होता.

गिडियन मागं राहिला. बाक भिंतीला लावायचे होते. एक बाक उचलता उचलता तो मध्येच थांबला.

"साहेब, गव्हाची भाकर आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"पट्टी हातात घेतली तेव्हा."

"म्हणजे सोमवारी सकाळी."

"हो."

"डीकन समोरच उभा होता. तिथल्या तिथं सांगता आलं असतं." गिडियनचा आवाज चढला. "तीन दिवस माझ्या जिवाला घोर होता. मेहितेबलला शिदोरीत काय होतं ते विचारलंत. बर्टच्या पोरीच्या लग्नात कोण नाचलं ते विचारलंत. मला त्या टोपीचं विचारलंत. त्यातलं एकही तुम्हाला लागत नव्हतं. मग का?"

जज्ज रिकाम्या खुर्च्यांकडं पाहत होता.

"सोमवारी सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर सोमवारी दुपारीच तुम्ही सगळे निघून गेला असतात."

गिडियननं बाक खाली ठेवला. ठरावावरची आपली सातवी सही त्याला डोळ्यांसमोर दिसली. ती करताना आपण फार विचार केला नव्हता, हेही त्याला आठवलं. स्वतःच्या घरी त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं, तरी एवढं एकटेपण त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते देणाऱ्यांत तो होता.

तो टेबलापाशी गेला आणि खुर्ची ओढून बसला.

"ह्या चौकशीचा अहवाल लिहावा लागेल," तो म्हणाला. "गावच्या शिपायाला तो आरोपीसमोर बसूनच लिहावा लागतो."

"असा काही नियम नाही, गिडियन."

"आजपासून आहे. माझं अक्षर वाईट आहे, साहेब, आणि मी लिहितो फार सावकाश."

जज्जानं त्याच्याकडं पाहिलं. "किती दिवस लागतील?"

"निदान हिवाळा तरी जाईल," गिडियन म्हणाला, आणि त्यानं कोरा कागद पुढं ओढला.